एक किटली उशीर

“लवकर फोन केलास तर लोक हसतील, पोरी. उशिरा केलास तर कुणीच हसणार नाही.”

फ्लोरा मावशी हे म्हणाली तेव्हा नोएला वाकून आपल्या लेकीच्या, जोसीच्या टोपीचे बंद बांधत होती. हनुवटीखाली गाठ मारली, ओढून पाहिली, मनासारखी बसली नाही म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. मावशीचं बोलणं तिने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तिचं कोण उडत होतं? जोसीचा बाप दोन वर्षांपूर्वी दक्षिणेला, एडमंटनला गेला, तोही बसने. आणि पोचल्याचा फोन त्याने अजून केला नव्हता.

“मावशी, मी पार्सलांची वजनं करते. विमानांची काळजी तू कर.”

“आज वजनं करतेस,” मावशी म्हणाली आणि चष्म्यावरची वाफ पुसत बसली.

कॅनडाच्या उत्तरेतल्या येलोनाइफच्या धावपट्टीच्या कडेला ती मालाची शेड होती. पत्र्याची, लांबट, एका टोकाला शेगडी आणि शेगडीवर बारा महिने काळीठिक्कर किटली. उत्तरेकडच्या वस्त्यांना लागणारं सगळं तिथून जायचं. दूध, डायपर, बर्फावरच्या गाड्यांचे पट्टे, एखाद्या लग्नाचा केक. काउंटरवर मावशी आणि नोएला, आणि माल हलवायला गॉर्डी. त्याची जीभ त्याच्या ट्रॉलीपेक्षा जास्त चालायची.

त्याच दुपारी दार उघडलं. बाहेरची थंडी वाफेचा लोट होऊन जमिनीसरशी आत घुसली आणि लोटामागून एक माणूस आला. टोपीच्या फरवर श्वास गोठून पांढरा झालेला, आणि कुशीत एक जडशी मोटर, झोपलेलं बाळ धरावं तशी.

“वजन करायचंय?” नोएलाने विचारलं.

“नाही, ही माझ्याच विमानातून जाणार. मला… एक माणूस हवंय.”

“माणसं आम्ही पाठवत नाही. कुत्री पाठवतो, पिंजऱ्यातून.”

तो हसला. हसताना त्याच्या भुवईवरचं हिम वितळून गालावर आलं, आणि नोएलाने उगीचच काउंटरवरची दोरी आवरायला घेतली.

अमोस आयालिक त्याचं नाव. राहायला पार वर, समुद्रकाठच्या कुगलुक्तुकला. तिथल्या घरांतल्या भट्ट्या बंद पडल्या की दुरुस्त करायचा. एखादा भाग लागला की आपलं जुनं चार आसनी विमान काढायचं, हिवाळ्यात चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या लावायच्या आणि इथे यायचं. निघताना तो आपल्या चुलतभावाला सांगून निघायचा, की अमुक वेळेपर्यंत पोचल्याचा फोन आला नाही तर शोधायला सांग. असं एक माणूस नेमावंच लागतं. जबाबदार माणूस म्हणतात त्याला. पण तो भाऊ आता गाव सोडून गेला होता.

“मग सरकारी केंद्राला कळवा. ते बघतील.”

“ते घड्याळ बघतात. मला…” तो थांबला. “मला वाट बघणारं कुणी असलं की बरं वाटतं.”

“आणि ती मीच, हे कशावरून?”

“मी दारात उभा राहिल्यापासून तुम्ही त्या मुलीच्या टोपीची गाठ तीनदा तपासलीत.”

“जपून गं, नोएला!” गॉर्डी मागून ओरडला. “कुगलुक्तुकची माणसं सुका मासा देऊन काम काढून घेतात!”

अमोसने निमूटपणे खिशातून कागदात गुंडाळलेला सुका मासा काढला आणि काउंटरवर ठेवला. मावशीसुद्धा हसली.

अशी नोएला जबाबदार माणूस झाली.

*

तो पंधरवड्यातून एकदा यायचा. हवा सुधारेपर्यंत शेडमध्ये बसायचा आणि जोसीच्या बाहुलीच्या घरात तारेची भट्टी बसवून द्यायचा. एकदा त्याने काउंटरवर बशी ठेवली आणि हातभर अंतरावर कप ठेवला.

“ही बशी येलोनाइफ. हा कप कुगलुक्तुक. मधे सहाशे किलोमीटर आणि एकही दिवा नाही. मोठं प्रवासी विमान दीड तासात जातं. माझा म्हातारा पावणेतीन तास घेतो.”

“नेहमी?”

“अंतर नेहमी तेवढंच. वेळ वाऱ्याच्या हातात. उत्तरेचा वारा असला की जाताना साडेतीन तास. येताना तोच वारा पाठीत गुद्दे घालत आणतो.” त्याने बशी आणि कपाच्या मधोमध एक बिस्किट ठेवलं. “आता सांगा, परत फिरायला आणि पुढे जायला सारखाच वेळ लागेल अशी जागा कुठली?”

“ही काय, मधली.”

“वारा नसेल तर.” त्याने बिस्किट बोटाने कपाकडे सरकवलं. “वारा समोरून असला की मध्य पुढे सरकतो. निम्म्याहून जास्त वाट संपली तरी मागे फिरणंच जवळचं असतं.”

“म्हणजे वारा विरोधात असला की परत फिरणं सोपं.”

“हो.”

“तरी तुम्ही कधी परत फिरत नाही म्हणे. गॉर्डी सांगत होता.”

“पुढे आई असते. थंड घरात बसलेली माणसं असतात. मागे…” त्याने बिस्किट उचललं, अर्धं मोडून जोसीला दिलं. “मागे आजवर कुणी नव्हतं.”

नोएलाने खाली पाहिलं. काट्यावर काहीच नव्हतं, तरी तिने काटा पुन्हा शून्यावर आणला.

“आणि तुम्हाला उशीर झाला तर?” तिने विचारलं.

“तर एक किटली थांबायचं,” उत्तर गॉर्डीने दिलं. ती त्या शेडची रीतच होती. वाटेत हवा बिघडली की पायलट एखाद्या गोठलेल्या तळ्यावर उतरतात, स्टोव्ह पेटवतात आणि चहा करून वाट बघतात. मग इकडच्यांनीही किटली चढवायची, उकळू द्यायची, सावकाश प्यायची. चहा संपेपर्यंत फोन आला नाही, तर मग शोधायला सांगायचं.

पण फेब्रुवारीत जेव्हा वेळ टळली आणि फोन वाजला नाही, तेव्हा नोएलाला किटली आठवलीच नाही. तिने घड्याळ पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि थेट शोधकेंद्राला फोन लावला. शोधपथकाचं पिवळं विमान गेलं. ते तळ्यावर घिरट्या घालायला लागलं तेव्हा अमोस आयालिक विमानाच्या पंखाखाली बसून चहा पीत होता. त्याने त्यांना किटली उंचावून दाखवली… घेणार का?

गाव आठवडाभर हसलं. दुकानात बिल करताना पोरगी म्हणाली, “चहाची पुडी विसरलात.” रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाद्रीबाबांनी डोळे मिचकावत विचारलं, “सगळ्यांचा चहा झाला ना?” नोएला कानापर्यंत लाल झाली. मूल एकटीने वाढवणाऱ्या बाईवर हसायला लोकांना निमित्त लागतंच, आणि तिने ते आपल्या हाताने पुरवलं होतं.

अमोस पुढच्या खेपेला आला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “दुसरं कुणी तरी बघा. मला नाही जमत हे.”

“ते हसले?”

“सगळे.”

“मी नाही हसलो,” तो हळूच म्हणाला. “माझ्यासाठी कुणी आख्खं विमान पाठवलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.”

नोएलाने एका खोक्याची दोरी पुन्हा आवळली.

“बरं. दुसरं माणूस मिळेपर्यंत तरी? आणि एक कबूल करतो. यापुढे चहाला बसणार नाही. एक तर पोचेन, नाही तर परत येईन. तुम्हाला पुन्हा कुणी हसणार नाही.”

*

मार्चमधली ती सकाळ लख्ख होती. ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसत होतं, आणि वारा उत्तरेचा. अमोसने विमानात दोन खोकी चढवली आणि दारापाशी रेंगाळला.

“साडेतीन तास धरा आज.”

“धरले.”

“पुढच्या खेपेपासून तुम्हाला त्रास नाही. इथला एक मेकॅनिक तयार झालाय.”

“बरं झालं,” नोएला म्हणाली. बरं अजिबात झालं नव्हतं. थांब म्हणावं, नको तो मेकॅनिक म्हणावं… पण मागे गॉर्डीच्या ट्रॉलीची चाकं थांबली होती. तो ऐकत होता.

“पोचलात की फोन करा,” एवढंच ती म्हणाली.

विमान उडालं. बर्फाची धूळ बराच वेळ ऊन पकडून तरंगत राहिली.

दुपारी साडेतीन तास भरले. फोन वाजला नाही.

नोएलाने कुगलुक्तुकला फोन लावला. तिथल्या विमानतळावरची बाई म्हणाली, “नाही आला इथे. अगं, इथे तर समोरचं घर दिसत नाहीये. सकाळी ठीक होतं, मग एकदम वादळ उठलं.”

“बसला असेल कुठे तरी चहाला,” गॉर्डी म्हणाला, आणि किटली उचलून शेगडीवर ठेवली. “एक किटली, नोएला. या वेळी नीट एक किटली. नाही तर उन्हाळा लागेपर्यंत चर्चमध्ये जाता यायचं नाही तुला.”

तिने मावशीकडे पाहिलं. मावशी पावत्या लावत होती.

किटली चढली. नोएला खिडकीशी उभी राहिली. पाणी कुरकुरायला लागलं. तिने मनात बशी ठेवली, कप ठेवला. मधे बिस्किट. वारा समोरून… बिस्किट पुढे सरकलं. समजा, त्याने पुढचं वादळ पाहिलं. समजा, तिथून वळला. पाठीत वारा घेऊन तो भराभर येईल. किती लागेल? तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. ही किटली संपायच्या आत तो या खिडकीत दिसायला हवा.

पाणी उकळलं. गॉर्डीने चहा ओतला. तिच्या हातात कप दिला. तिने तोंडाला लावला नाही.

आकाश रिकामं होतं. इतकं निळं की डोळे दुखावेत.

पुढे गेला असता तर पोचला असता. मागे फिरला असता तर आला असता. आणि चहाला तो बसणार नव्हता, त्याने कबूल केलं होतं. मग?

तिचा हात फोनकडे गेला आणि थांबला. दुकानातली पोरगी. चर्चच्या पायऱ्या. ‘बिचारी, त्या पायलटच्या मागे लागलीय…’

“अजून कप भरलेला आहे तुझा,” गॉर्डी म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता, आणि तेच तिला जास्त भ्यायला लावणारं होतं.

लवकर फोन केलास तर लोक हसतील, पोरी.

हे वाक्य तिने गाठ मारता मारता ऐकलं होतं. ते आता कुठे आत उतरलं.

“हसू देत,” ती मोठ्याने म्हणाली आणि फोन उचलला.

*

शोधपथक धावपट्टीच्या पलीकडेच होतं. त्यांची प्रमुख, उंच, करड्या केसांची बाई, नकाशा घेऊन स्वतः शेडमध्ये आली. तिने नकाशा काउंटरवर पसरला.

“अमोसला आम्ही सगळे ओळखतो. तो परत फिरत नाही. म्हणजे वादळाच्या तोंडाशी, पलीकडच्या टोकाला उतरला असणार. उजेड थोडा उरलाय. आम्ही सरळ तिकडे जातो आणि तिथून शोधत येतो.”

“नाही,” नोएला म्हणाली. “इकडून शोधत जा.”

“का?”

“तो परत फिरलाय.”

“रेडिओवर बोलला?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं माहीत?”

काय सांगणार? बिस्किटाबद्दल सांगणार? मागे आजवर कुणी नव्हतं असं म्हणताना त्याने कुणाकडे पाहिलं होतं, ते सांगणार? नोएलाने नकाशावर बोट ठेवलं, कुगलुक्तुकच्या अलीकडे, पण मध्याच्या बरंच पुढे.

“आजच्या वाऱ्यात मध्य इथे होता. वादळ दिसलं तेव्हा तो इथेच कुठे तरी असणार. पोचेन नाही तर परत येईन, असं त्याने मला सांगितलंय. तो वळला. म्हणजे या रेषेवर, इथून घरापर्यंत, कुठे तरी आहे.”

“आणि तुमची चूक निघाली तर? उजेड संपलेला असेल. या थंडीत उद्यापर्यंत…” तिने पुढचं म्हटलं नाही.

नोएलाच्या बोटाखालचा कागद ओला झाला होता. एकीकडे पथकाची इतक्या वर्षांची माहिती, दुसरीकडे तिचा एक माणूस. तिचाच की. आता कुणापासून लपवायचं होतं?

“चूक निघाली तर ती माझी. मी त्याची जबाबदार माणूस आहे.”

बाईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग फ्लोरा मावशीकडे. मावशीने पावत्यांवरून नजर न उचलता होकारार्थी मान हलवली.

पिवळं विमान उठलं आणि झाडांच्या शेंड्यांवरून खाली खाली उडत उत्तरेला गेलं.

गॉर्डीने किटली धुतली, भरली, पण शेगडीवर ठेवली नाही. भिंतीवरचा रेडिओ खरखरत होता. बालवाडीच्या गाडीतून जोसी उतरली, धावत आत आली आणि सगळ्यांचे चेहरे बघून दारातच थांबली.

“अमोसचा चहा नाही झाला अजून?” तिने विचारलं.

गॉर्डी पाठ फिरवून खोकी रचायला लागला. ती आधीच रचलेली होती.

नोएलाने जोसीला मांडीवर घेतलं. तिच्या टोपीची गाठ सोडली. पुन्हा बांधली. बाहेर ऊन पिवळं झालं, मग केशरी. खिडकीची सावली काउंटर चढून आली. पलीकडच्या टोकाला पाठवायला हवं होतं का? करड्या केसांच्या त्या बाईलाच जास्त कळत असेल. बिस्किटावर कुणी माणसाचा जीव टांगतं का… बिस्किटावर!

रेडिओ कडकडला.

“…विमान दिसतंय. तळ्यावर. उलटं पडलंय.”

मावशी उठून नोएलाच्या मागे येऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात खांद्यांवर पडले.

“…जवळ कुणी दिसत नाही. पुन्हा फिरतो…”

खरखर. खरखर. जोसीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“…थांबा. पंखाखालून काही तरी चमकतंय. आहे! हलतोय! हातात…” रेडिओवरचा आवाज एकदम हसला आणि फुटला. “हातात किटली आहे त्याच्या!”

गॉर्डी ट्रॉलीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

*

विमान उतरलं तेव्हा आकाशात थोडा गुलाबी उजेड बाकी होता. स्ट्रेचरवर अमोस होता, घोटा बांधलेला, ओठ फाटलेले, गाल थंडीने पांढरे. करड्या केसांची बाई नोएलाजवळून जाताना थांबली. “रेषेवरच होता. आम्ही पलीकडून सुरू केलं असतं तर…” तिने मान हलवली आणि पुढे गेली.

“तेल गळायला लागलं,” अमोस पुटपुटला. “तळ्यावर उतरलो. पट्टी टणक बर्फात अडकली… उलटलो.”

“चहा घेतलास?” नोएलाने विचारलं. आवाज हसण्यासारखा काढायचा होता, तो निघाला भलताच.

“स्टोव्हच सापडला नाही. नुसती किटली. झाकण उन्हात धरून बसलो होतो.” त्याने डोळे उघडून तिच्याकडे नीट पाहिलं. “त्यांना इकडून पाठवलंस… तू?”

“हो.”

“मी परत फिरलो होतो, नोएला.”

“माहीत आहे.”

“वादळ दिसलं. पुढे घुसता आलं असतं. नेहमी घुसायचो. पण आज…” शब्द शोधायला त्याला वेळ लागला. “आज वाटलं, मागे कुणी आहे.”

ती वाकली. त्याच्या टोपीचे बंद सुटले होते. तिने हनुवटीखाली गाठ मारली. ओढून पाहिली. सोडली. पुन्हा मारली. तो निमूट पडून राहिला, तिच्याकडे बघत. जणू एवढ्यासाठीच सहाशे किलोमीटर उडायचं असतं.

“त्या मेकॅनिकला सांगून टाक,” ती म्हणाली. “त्याची गरज नाही.”

“कुठला मेकॅनिक?”

“सकाळी म्हणालास ना… तयार झालाय.”

“असा कुणी नाहीच,” अमोस म्हणाला, आणि फाटलेल्या ओठांनी जमेल तेवढा हसला. “मला वाटलं, तू नको म्हणशील.”

“मूर्खा,” नोएला म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरला. “नको. नको. नको म्हणते. ऐकलंस?”

मागून गॉर्डीने मोठ्याने नाक शिंकरलं. “आता तरी किटली ठेवू का?”

मावशीने चष्मा काढला. पुसला. या वेळी त्यावर वाफ नव्हती.

त्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. केक त्याच शेडमधून गेला. वजन नोएलाने स्वतः केलं. अमोस अजून उडतो. हल्ली खिशात मावेल असं यंत्र मिळतं, कुठे आहोत ते आपोआप कळवणारं. ते त्याच्याकडे आहे. तरी पोचला की फोन करतो, आणि तो फोन येईपर्यंत नोएला चहा तोंडाला लावत नाही.

आणि तुमचं? तुमचंही आज कुणी तरी कुठे निघालं असेल. लांबच्या विमानाने, किंवा नुसतंच पलीकडच्या गावाला. ‘पोचले’ असा फोन आला का? मनात काही खुपत असेल, तर हे वाचणं इथेच सोडा आणि त्यांना फोन लावा. आत्ता, किटली उकळायच्या आधी. फार तर काय होईल, हसतील तुम्हाला.